शेपटीचं आधी सांगा

बाईंना स्वतःला कुणी माकड म्हटलं तर त्या हसायच्या, आणि पोरं मागून म्हणायचीही. पण गिबनला कुणी माकड म्हटलं की त्यांचा तोल जायचा. मग समोर कोण आहे, प्रसंग काय आहे, काही बघायच्या नाहीत. एकदा आमच्या कॉलेजातल्या शिपायाच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात पाहुणे रंगात येऊन म्हणाले, "माणूस हा गिबनसारख्या माकडापासून झाला." बाई पहिल्या रांगेतून उठल्या. "शेपटीचं आधी सांगा," म्हणाल्या. पाहुणे गांगरले. "शेपूट आहे का गिबनला? न्हाय ना? मग माकड कसं? आणि त्याच्यापासून आपण झालो न्हाय, तो आपला लांबचा भाऊबंद आहे. बसा आता." पाहुणे खरोखरच बसले. त्या गोंधळात शिपायाला नारळ द्यायचा राहून गेला.

हे असं हसतहसत लिहायचं ठरवून बसले होते. पण बाई आठवल्या की तामलवाडीजवळचा तो पिंजरा आठवतोच, आणि मग हसू टिकत नाही, डोक्यात तिडीक जाते. तेव्हा तिडकीसकटच लिहिते.

धाराशिवच्या एका ज्युनिअर कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि मी रसायनशास्त्र. त्या माझ्याहून पुष्कळ मोठ्या. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, किंवा ठेवायच्या नाहीत. त्या विषयावरून हाक मारायच्या. मी 'केमिस्ट्री'. भूगोलाचे सर 'भूगोल'. मराठीचे सर पुढं प्राचार्य झाले, त्यांच्या केबिनला एसी बसला, तरी बाई दार ढकलून म्हणायच्या, "अहो मराठी, जरा ऐका."

स्टाफरूमच्या दाराच्या वरच्या अंगाला त्यांनी पदरचे पैसे घालून एक लोखंडी दांडा बसवून घेतला होता. खांदा आखडला होता, डॉक्टरांनी लटकायला सांगितलं होतं, हे निमित्त. रोज पहिल्या तासाआधी बाई चपला काढायच्या, पदर खोचायच्या आणि दांड्याला लोंबकळायच्या. आत जाणाऱ्यानं थांबायचं, नाहीतर वाकून जायचं. लोंबकळतच त्या मला शिकवायच्या. "हात वर करून गोल फिरवून बघ, केमिस्ट्री. कुत्र्याला जमत न्हाय, म्हशीला जमत न्हाय. फांदीला लटकून दिवस काढलेल्यांचे खांदे आहेत हे. आपण त्यांचा खडूनं फळ्यावर लिहायला उपयोग करतो, एवढंच."

त्या मूळ बेंबळीच्या. आजोबांच्या पिढीत बौद्ध झालेलं घर. वडील आरोग्य खात्यात होते, भाऊ सैन्यात गेला. भावाची बदली आसामात असताना एका सुट्टीत बाई त्याच्याकडं गेल्या, आणि तिथल्या पहाटे त्यांनी गिबन ऐकले. तो त्यांच्या आयुष्यातला एकमेव लांबचा प्रवास. त्यावर त्या जन्मभर बोलल्या. "नवरा-बायको मिळून गातात गं. एकानं सूर लावायचा, दुसऱ्यानं उचलायचा. दोघांचं जमलं की चढत जातं. मग पलीकडच्या टेकडीवरची जोडी उत्तर देते. आमचं झाड, आमचं घर, आम्ही दोघं इथं आहोत, एवढंच सांगायचं असतं त्यांना." आणि मग भर वर्गात, डोळे मिटून, त्या गाऊन दाखवायच्या. हू-कू, हू-कू, हू-कू. कोपऱ्यावरच्या वर्गातलं इंग्रजी बंद पडायचं. बसस्टँडवर बाई दिसल्या की टारगट पोरं लांबून हू-कू करायची. बाई थांबून त्यांना दुरुस्त करायच्या. "शेवटचा चढ चुकला तुझा. परत घे."

तर एका वर्षी कॉलेजची सहल तामलवाडीजवळच्या एका कृषी पर्यटन केंद्रावर गेली. तुम्ही अशी ठिकाणं पाहिली असतील. चुलीवरची भाकरी, बैलगाडीत एक फेरी, पोहायचा हौद, चार ससे, एक इमू. तिथं चिंचेखाली एक पिंजरा होता. पानटपरीएवढा. खाली सिमेंट, वर पत्रा, मधे साखळीला टांगलेला टायर. आत एक काळं, सडसडीत जनावर बसलेलं. भुवया पांढऱ्याशुभ्र, हात पायांच्या दुप्पट वाटावेत इतके लांब. पाटीवर लिहिलं होतं : बजरंग.

पोरं ओरडली, "बाई, माकड!" आणि आम्ही सगळे बाईंच्या स्फोटाची वाट बघत उभे राहिलो. पण बाई पिंजऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या त्या हलल्याच नाहीत. बऱ्याच वेळानं त्यांनी राखणदाराला विचारलं, "ह्याची जोडी कुठाय?"

"कसली जोडी, म्याडम? येकटाच हाय त्यो. मालकानी लई लांबनं आणलाय. ल्हान हुता तवा म्याच बाटलीनं दूध पाजलंय."

"आणि ह्याची आई?"

"आई कोण कशाला आणंल? पोरगंच आणत्यात."

परतीच्या बसमध्ये पोरं गाण्याच्या भेंड्या खेळत होती आणि बाई माझ्याशेजारी बसून खालच्या आवाजात सांगत होत्या. गिबनचं पिल्लू आईच्या पोटाला कवटाळून असतं. आई त्याला घेऊनच या झाडावरून त्या झाडावर झेपा टाकते. जमिनीवर सहसा उतरत नाही, त्यामुळं तिला पकडता येत नाही. पिल्लू हवं असेल तर एकच उपाय : आईला गोळी घालायची, म्हणजे दोघं मिळून खाली पडतात. "त्यातलं जे जिवंत राहिलं, ते आपण आज पोरांना दाखवून आणलं," बाई म्हणाल्या. "हुलॉक गिबन आहे तो. ह्या देशात त्याला विकत घ्यायचा, पाळायचा कुणाला अधिकार न्हाय. आणि पाटी लावून बसलाय हा माणूस!"

त्यांनी अर्ज केले, फोन केले. सगळीकडून बघतो, करतो अशी उत्तरं आली. यथावकाश दुसरी वर्षं आली, दुसऱ्या सहली आल्या. बाईंनी त्या केंद्रावर पोरांना नेऊ दिलं नाही, एवढंच त्यांच्या हातात होतं.

आणि मग बजरंगाचा रंग बदलला.

तुळजापूर रस्त्याला हा भलामोठा फ्लेक्स लागला. डावीकडं काळा बजरंग, उजवीकडं तांबूस सोनेरी बजरंग, वर ठळक अक्षरांत 'चमत्कार!' आणि खाली, 'बजरंगाने शेंदरी रूप धारण केले. दर शनिवारी दर्शन.' बाईंच्या स्कूटीवर मागं बसून मी चालले होते. बाईंनी इतका करकचून ब्रेक दाबला की मी त्यांच्या हेल्मेटवर आपटले. फ्लेक्सकडं त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"अगं केमिस्ट्री," त्या म्हणाल्या, "पोरगी वयात आली."

हुलॉकमध्ये नर आणि मादी दोघंही लहानपणी काळेच असतात. नर काळाच राहतो. मादी मोठी झाली, जोडीदार शोधायच्या वयाची झाली, की तिचा रंग असा फिकट सोनेरी होतो. निसर्गानं तिच्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की मी बाई आहे आणि मला सोबत हवी आहे. आणि आम्ही शहाण्या माणसांनी वाचलं काय, तर ब्रह्मचारी मारुती!

पहिल्या शनिवारी आम्ही दोघी गेलो. काय सांगू तुम्हाला! पिंजऱ्यासमोर रांग. पिंजऱ्यापासून दहा हातांवर एक दोरी बांधलेली, बायकांनी दोरीच्या अलीकडून हात जोडायचे, कारण मारुतीला बाईचा स्पर्श चालत नाही. पुरुष पुढं जाऊन गजांना तेल आणि शेंदूर लावत होते. आत ती सिमेंटवर उतरली होती. गिबनला जमिनीवर चालायची वेळ आली तर ते दोन पायांवर चालतं आणि तोल सावरायला लांब हात वर धरतं. घाबरलेल्या माणसासारखं दिसतं ते. ती तशी हात वर करून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळत होती आणि लोक एकमेकांना सांगत होते, "बघा, बघा, आशीर्वाद देतोय!"

कुणा चौकस माणसानं विचारलंच, "मारुतीला शेपूट कसं न्हाय?" राखणदारानं पाठ केलेलं उत्तर दिलं, "लंकेत जळालं की वो." आणि लोकांनी माना डोलावल्या! अहो, शेपटीनं लंका जाळली, शेपूट कुठं जळालं? निदान गोष्ट तरी धड ऐका!

मला देवाधर्माचं वावडं नाही. माझं माहेर इथल्याच वाशी तालुक्यातलं. शनिवारी मारुतीला तेल घालूनच मी लहानाची मोठी झाले. आमच्याच जिल्ह्यात वानरांच्या नावानं जमीन असलेलं गाव आहे, तिथं लग्नात आधी वानरांचा मान करतात. पण ती वानरं मोकळी असतात. दारात येतात, खातात, शेपटी उंचावून निघून जातात. त्यांना कुणी पत्र्याखाली कोंडून त्यांच्याकडून आशीर्वाद वसूल करत नाही.

बाईंचं लक्ष मात्र देवाकडं नव्हतंच, गजांकडं होतं. शेंदूर बघून त्यांचा चेहरा उतरला. आम्ही मालकाला भेटायला गेलो. पांढरेशुभ्र कपडे, बोलणं साखरेसारखं. बाईंनी त्यांच्या टेबलावरचा पाण्याचा तांब्या ओढला, आपला हात मनगटापर्यंत त्यात बुडवला आणि हाताची मागची बाजू चाटली. मालक बघतच राहिले.

"गिबन पाणी असं पितं," बाई म्हणाल्या. "हात बुडवायचा आणि केसांतलं पाणी चोखायचं. दिवसभर ते हात गजांवर असतात. गजांवर तुम्ही शेंदूर फासलाय. शेंदरात काय असतं, सांग गं केमिस्ट्री."

"शिसं," मी म्हटलं. "विष आहे ते."

"शनिवारी गजांना लावायचा आणि रविवारी तिनं चाटायचा. मरेल ती. आणि ती आहे, तो न्हाय. तिला जोडी लागते, उंच जाळी लागते, आडव्या दोऱ्या, बांबू लागतात. पाला लागतो, फळं लागतात, हे पेढे आणि केळी न्हाय. तुमच्यानं ते व्हायचं न्हाय. ज्यांना कळतं त्यांच्याकडं द्या. दुसरं मी काही मागत न्हाय."

मालकानं हात जोडले. "म्याडम, तुमच्यात देव मानत न्हाईत, ते ठीकाय. ज्याची त्याची पद्धत. पर हितं लोकांच्या भावना हाईत."

बाई म्हणाल्या, "देवाचं मी अक्षर काढलेलं न्हाय. शेपटीचं बोलतेय मी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मधे पडले. बाईंनी सांगितलं तेच, त्याच शब्दांत, परत सांगितलं. मालकानं माझं माहेर विचारलं, आडनाव विचारलं आणि एकदम मोकळे झाले. "मंग असं सांगा की, ताई. तुमी तर आपल्यातल्याच. शेंदराचं बघतो मी. ए, च्या आण रे ताईस्नी!" चहा आला. एक कप आला.

त्या कपाकडं मी बघितलं तेव्हा मला जे वाटलं ते आजही शब्दांत धड येत नाही. वाक्य तेच. जनावर तेच. शिसं तेच. बाईंच्या तोंडून ते देवाची निंदा होतं आणि माझ्या तोंडून ते काळजीचं झालं. बाईंनी कपाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "पी गं केमिस्ट्री. चहाचा काय दोष त्यात?" मी तो प्याले नाही. आणि शेंदूरही बंद झाला नाही.

मग बाई दर शनिवारी रजा टाकून जायला लागल्या. दोरीच्या अलीकडं, बायकांच्या रांगेत, गुपचूप उभ्या राहायच्या. सकाळी ती गायची. हू-कू, हू-कू. सूर लावून थांबायची. दुसऱ्यानं उचलायची जागा सोडायची. कुणी उचलायचं नाही. लोक म्हणायचे, आरती म्हणतोय. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी बाईंनी डोळे मिटले आणि त्या रिकाम्या जागेत आपला सूर लावला. तोच सूर, वर्गात लावायच्या तो. आमच्या बाईंचा आवाज काही गोड नव्हता, पण ती एकदम गजांना झोंबून वर चढली आणि बाईंच्या बाजूच्या कोपऱ्यात येऊन बसली. परत गायली. बाईंनी परत उचललं. त्या दिवशी ती तिथून हललीच नाही. पेढे दाखवले, केळी दाखवली, तिनं पुरुषांच्या रांगेकडं पाठ केली ती केलीच.

देव भक्तांकडं पाठ करून एका बाईकडं बघतोय, तेही असल्या बाईकडं, हे लोकांना सहन कसं व्हावं? पुढच्या शनिवारी बाईंना फाटकावरच अडवलं. सोमवारी प्राचार्यांनी बोलावून घेतलं. "तक्रार आलीय. भावनांचा प्रश्न आहे, बाई. आपण शिक्षक आहोत, समाजाला सांभाळून घ्यावं लागतं."

"समाजाला सगळेच सांभाळतात, मराठी," बाई म्हणाल्या. "तिला कोण सांभाळतंय, ते सांगा."

त्याच आठवड्यात स्टाफरूमच्या दारावरचा दांडा काढून टाकला गेला. कारण विचारलं तर म्हणे रंगकाम. रंगकाम झालं, दांडा परत लागला नाही. इतका क्षुद्रपणा माणसाला सुचतो कसा, हे मला अजून कळलेलं नाही. त्यानंतर बाई मैदानाच्या कडेच्या लिंबाच्या फांदीला लटकायला लागल्या.

फ्लेक्सचा फोटो घेऊन त्या पुन्हा वनखात्याच्या कचेरीत गेल्या. लहानपणी काळी, मोठेपणी सोनेरी. म्हणजे हुलॉक, म्हणजे मादी, म्हणजे गुन्हा. मालकानंच स्वतःच्या खर्चानं पुरावा रस्त्यावर टांगला होता. या वेळी साहेबांना पटलं. आसामकडच्या एका केंद्रात तिला पाठवता येईल, तिथं नर आहे, असंही ठरलं. फक्त हनुमान जयंती तोंडावर आली होती. गर्दीत गाडी नेली तर दंगा होईल, तेव्हा एवढी जयंती होऊ दे, म्हणाले.

जयंतीच्या दिवशी मी एकटी गेले होते, बाईंना आत सोडत नव्हते म्हणून. गजांवर शेंदराचे थर चढले होते. ती टायरवरून गजाकडं झेपावली आणि हात सुटला. खाली सिमेंटवर पडली. परत चढली, परत हात सुटला. फांदीवरून फांदीवर जाण्यासाठीच केलेला तो हात, त्याला एक गज धरवेना. ती खाली पडून थरथरत होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. "अंगात आलं! देवाच्या अंगात आलं!" मी ओरडले, दोरी ओलांडून पुढं गेले. चार बायकांनीच मला धरून मागं ओढलं. देव बाटेल, म्हणाल्या.

गाडी आली तेव्हा पिंजरा रिकामा होता. बजरंग निजधामाला गेला, असं मालकानं सांगितलं. चिंचेखाली चौथरा बांधून झाला होता, वर फरशी, वर मूर्ती. देवाचं ठाणं उकरायला कोण हात लावणार, हे मालकाला पक्कं ठाऊक होतं. पुढं कारवाई झाली का, असं मला लोक विचारतात. चालू आहे. तारखा पडताहेत.

मूर्तीला शेपूट आहे. चांगलं लांब, डोक्यावरून वळवून पुढं घेतलेलं. बाईंना हे मी सांगायचं टाळत होते. त्या निवृत्त होऊन बेंबळीला गेल्या, त्यांचा आवाज बसला, गाणं थांबलं. मग एका शनिवारी त्यांचाच फोन आला. "चल गं केमिस्ट्री. भेटून येऊ तिला."

आता त्यांना फाटकावर कुणी ओळखलं नाही. चौथऱ्यापुढं तशीच दोरी होती. दोरीच्या अलीकडं बायका, पलीकडं तेल घालणारे बाप्ये. बाईंनी शेपटीकडं बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. पण त्यांनी दोरी उचलली आणि सरळ पुढं निघाल्या.

पुजारी झालेला राखणदार धावत आला. "ओ आज्जी! बायामाणसांनी दोरीच्या अलीकडं थांबायचं. आत मारुतराया हाय."

"आत कोण आहे ते तुला माहीत आहे," बाई म्हणाल्या. आवाज बसलेला होता, तरी रांगेला ऐकू गेला. "बाटलीनं दूध तूच पाजलंस. आत बाई पुरलीय रे. तिला चालतं, आणि मला चालत न्हाय?"

राखणदार खाली बघायला लागला. बायकांच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. अगदी पुढं एक म्हातारी उभी होती, कपाळभर कुंकू, हातात नारळ. ती राखणदाराकडं बघत राहिली आणि म्हणाली, "व्हय रे? बाई हुती?"

तो मागं सरकला.

"आन् येकटीलाच कोंडली हुती? इतकी वरसं?"

म्हातारीनं नारळ परत पिशवीत टाकला. मग दोरीखालून वाकून आली आणि बाईंच्या शेजारी उभी राहिली. जन्मभर चारचौघांत ज्यांचं तोंड बंद करणं कुणाला जमलं नाही, त्या आमच्या बाईंनी नुसती होय म्हणून मान हलवली.